दुरुस्तीची तारीख सांगा: ट्रेलरमधल्या प्रोपेन गळतीबद्दल खुलं पत्र

प्रति,
ट्रॅव्हल ट्रेलर बनवणाऱ्या कंपन्यांचे व्यवस्थापक,
त्यांचे अधिकृत डीलर,
आणि अमेरिकेचं राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन

स. न. वि. वि.

तुमच्यापैकी एका कंपनीचं रिकॉलचं, म्हणजे सदोष वाहन दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचं, पत्र आमच्या घरी आलं, त्याला आता अख्खा हिवाळा उलटून गेला. आमच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घरात, शेगडीकडे जाणाऱ्या गॅसच्या नळीचा टोकाचा जोड सदोष असू शकतो, त्यातून प्रोपेन गळू शकतो आणि त्यामुळे आग लागू शकते किंवा स्फोट होऊ शकतो, असं त्यात लिहिलं होतं. दुरुस्ती होईपर्यंत गॅस अजिबात वापरू नका, अशी सूचना होती. त्याखाली लिहिलं होतं की दुरुस्तीचा पार्ट सध्या उपलब्ध नाही, उपलब्ध झाल्यावर दुसरं पत्र पाठवू. ते दुसरं पत्र अजून आलेलं नाही.

माझी तक्रार इंग्रजीत कंपनीकडे आणि प्रशासनाकडे रीतसर गेली आहे. मराठीत ती जाहीरपणे मांडते आहे, कारण न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत आपली कितीतरी कुटुंबं आता उन्हाळ्यात ट्रेलर घेऊन बाहेर पडतात. काहींनी विकत घेतलेला असतो, बरेच जण चार-आठ दिवसांसाठी भाड्यानं आणतात. सोबत लहान मुलं असतात, भारतातून आलेले आई-वडील असतात. ट्रेलरवर एखादं रिकॉल बाकी आहे का, हे विचारायचं असतं, हेच त्यांतल्या अनेकांना माहीत नसतं.

आमच्या घरात ट्रेलर आला तो सासू-सासऱ्यांसाठी. आम्ही ओहायोत राहतो आणि ते दोघं जमेल त्या उन्हाळ्यात नाशिकहून येतात. सासऱ्यांना आता रोज नव्या हॉटेलात सामान हलवणं झेपत नाही. सासूबाईंना बाहेरचं जेवण चालत नाही. ट्रेलर असला की स्वतःचं अंथरूण, स्वतःचा कुकर, वेळेवर औषधं आणि दारातून बाहेर पाऊल टाकलं की समोर लेक मिशिगन. त्या दोघांनी अमेरिका खऱ्या अर्थानं पाहिली ती अशी. सासरे ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांना वास जवळजवळ येत नाही. फोडणी करपली तरी दुसऱ्यानं सांगावं लागतं. गॅसगळतीचं पत्र हातात आल्यावर मला आधी तेच आठवलं.

प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन मिसळतात, आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरमध्ये मिसळतात तेच. म्हणजे पहिला पहारा माणसाच्या नाकाचा. झोपलेल्या माणसाचं, सर्दी झालेल्या माणसाचं, म्हाताऱ्या माणसाचं नाक हा पहारा देऊ शकत नाही. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो. तो वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, खाली जमिनीलगत पसरतो, पलंगाखालच्या कप्प्यांत साचतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण २ टक्क्यांच्या वर गेलं की पेटायला एक ठिणगी पुरते.

आणि ट्रेलरमध्ये ठिणगी कुणी मुद्दाम पाडावी लागत नाही. घरात शेगडी आपण हातानं पेटवतो. ट्रेलरमध्ये फर्नेस (आतली हवा गरम ठेवणारी गॅसची भट्टी) थर्मोस्टॅटच्या हुकमावर रात्री तीन वाजताही आपोआप पेटते. पाण्याचा हीटर आपोआप पेटतो. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचा बर्नर आपोआप पेटतो. ही सगळी उपकरणं एका छोट्या खोलीत, झोपलेल्या माणसांपासून दोन-चार पावलांवर असतात. शिवाय हे घर महामार्गावर शेकडो मैल हादरे खात जातं, त्यामुळे त्यातला प्रत्येक जोड घरातल्या जोडापेक्षा जास्त सोसतो. ही माहिती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली आहे. तरीही लिहिते आहे, कारण पत्रातल्या 'गॅस वापरू नका' या एका ओळीनं तुमची जबाबदारी संपल्यासारखं तुमचं वागणं आहे.

माझी सगळ्यात मोठी तक्रार दुरुस्तीच्या तारखेबद्दल आहे.

अमेरिकेच्या कायद्यानुसार सुरक्षेतला दोष कंपनीनं फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. मालकानं वाहन दुरुस्तीसाठी हजर केल्यापासून ६० दिवसांत ती नीट झाली नाही, तर वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही याचा तो सकृद्दर्शनी पुरावा मानला जातो आणि मग वाहन बदलून देण्याचा किंवा पैसे परत करण्याचा प्रश्न येतो. वाचायला हे भक्कम वाटतं. पण हे ६० दिवस मोजायचे कधीपासून? वाहन हजर केल्यापासून. आणि डीलर म्हणतो, पार्ट आल्याशिवाय ट्रेलर आणू नका, आमच्या आवारात जागा नाही. पार्ट कधी येणार, हे डीलर कंपनीला विचारायला सांगतो. कंपनीच्या फोनवरची व्यक्ती अतिशय सौजन्यानं सांगते की अंदाज देता येत नाही. म्हणजे मुदत मोजायला सुरुवातच होत नाही. मालकाच्या रक्षणासाठी लिहिलेलं कलम अशा रीतीनं कागदावर राहतं, आणि कुठलाही नियम न मोडता कंपनी महिनोन्महिने गप्प बसू शकते.

दोष सापडल्यावर प्रशासनाला कळवायला मुदत आहे. मालकांना पत्र धाडायला मुदत आहे, प्रशासनाला कळवल्यापासून ६० दिवस. दुरुस्ती उपलब्ध करून द्यायला मात्र ठाम मुदत नाही. दोष कळवण्याची घाई आणि तो काढण्याला सवड, हे मला मान्य नाही.

प्रशासनाला मी हेही विचारते. दुरुस्ती वाजवी वेळेत होणार नाही आणि त्यामुळे माणसांना इजा होण्याचा धोका आहे असं दिसलं, तर कंपनीला वेग वाढवायला लावण्याचा अधिकार कायद्यानं तुम्हाला दिलेला आहे. २०१५ मध्ये टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या वेळी तुम्ही तो वापरला. कुठल्या गाड्या आधी, कुठल्या नंतर, पार्ट कधीपर्यंत, हे तुम्ही ठरवून दिलं. तिथे आकडा कोट्यवधी गाड्यांचा होता. एका ट्रेलर कंपनीचं रिकॉल काही हजारांचं असतं, त्याची बातमी होत नाही. पण त्या ट्रेलरमध्ये माणसं नुसती बसत नाहीत, रात्रभर झोपतात.

डीलरांबद्दल. आम्ही ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला ते आमच्यापासून बरेच लांब आहेत. जवळ दुसरे एक डीलर आहेत, त्याच कंपनीचे नवे ट्रेलर त्यांच्या आवारात रांगेनं उभे आहेत. त्यांनी सांगितलं की आमच्याकडून घेतलेल्या ग्राहकांचंच काम आम्ही आधी करतो, तुमचा नंबर लागणं या मोसमात कठीण आहे. कॅम्पग्राउंडवर ज्यांच्याशी म्हणून बोलावं, त्यांतल्या अनेकांचा अनुभव हाच आहे. डीलरांची बाजू मला थोडी कळते. रिकॉलच्या कामाला कंपनी ठरावीक तासांचेच पैसे देते आणि ते परवडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं असतं, आणि चांगले तंत्रज्ञ मिळणंही अवघड झालं आहे. पण हा हिशेब कंपनी आणि डीलर यांनी आपापसांत मिटवायचा आहे. त्याची किंमत ज्याच्या पलंगाखालून गॅसची नळी जाते त्यानं का मोजावी?

यानंतरची गोष्ट ऐकून आमच्या ओळखीतले बरेच जण चकित झाले. मोटारीचा सतरा अंकी-अक्षरी व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, प्रशासनाच्या संकेतस्थळावर टाकला की त्या गाडीवर कुठलं रिकॉल बाकी आहे ते लगेच कळतं. मोठ्या मोटार कंपन्यांवर ही माहिती देण्याची सक्ती २०१४ पासून आहे. ज्या वाहनांना ही सक्ती लागू होते त्यांच्या व्याख्येतून ट्रेलर वगळलेले आहेत. काही ट्रेलर कंपन्या आपणहून ही सोय देतात, पण द्यायलाच हवी असं बंधन नाही. म्हणजे वीस हजार डॉलरच्या मोटारीबद्दल जे एका मिनिटात कळतं, ते चाळीस हजारांच्या ट्रेलरबद्दल, ज्यात गॅसच्या दोन टाक्या आणि चार बर्नर आहेत, कळेलच याची खात्री नाही.

त्यात आणखी एक गुंता आहे. ट्रेलर कंपनी क्वचितच नळी, रेग्युलेटर, शेगडी, फ्रिज स्वतः बनवते. हे भाग पुरवठादारांकडून येतात आणि एकच सदोष भाग डझनभर नावांच्या ट्रेलरमध्ये जाऊन बसतो. २००६ मध्ये डोमेटिक या पुरवठादार कंपनीच्या गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचं रिकॉल झालं तेव्हा १९९७ ते २००३ या काळात बनलेल्या ९ लाखांहून अधिक फ्रिजचा प्रश्न होता. बॉयलरच्या नळीला तडा जाऊन आतलं द्रव्य बाहेर येण्याचा आणि पेटण्याचा धोका होता. ते फ्रिज कितीतरी कंपन्यांच्या ट्रेलरमध्ये आणि मोटरहोममध्ये (स्वतःचं इंजिन असलेल्या चाकांवरच्या घरांत) होते. आपल्या ट्रेलरच्या दारावर जे नाव आहे त्या नावानं शोधायचं, की आतल्या शेगडीच्या नावानं, की जिचं नावच कुठे दिसत नाही त्या नळीच्या नावानं? सामान्य मालकानं हे कसं ओळखावं?

जुना ट्रेलर विकत घेणाऱ्याची अवस्था याहून वाईट. कंपनीकडे पहिल्या मालकाचा पत्ता असतो. ट्रेलर दोनदा विकला गेला, मालक राज्य बदलून गेला, की पत्र अनेकदा भलत्याच दारी जातं. नवं वाहन रिकॉलची दुरुस्ती केल्याशिवाय ग्राहकाच्या हाती देण्याला संघराज्याच्या कायद्यानं बंदी आहे. जुनं वाहन विकताना तशी बंदी नाही. भाड्यानं देण्याच्या बाबतीत २०१५ मध्ये कायदा झाला, रेचल आणि जॅकलिन हाउक या दोन बहिणींच्या नावानं. रिकॉल बाकी असलेली भाड्याची मोटार त्यांना दिली गेली होती आणि २००४ मध्ये त्या मोटारीला आग लागून दोघी गेल्या. पण त्या कायद्याच्या कक्षेत येतात त्या मोठा ताफा बाळगणाऱ्या कंपन्या. घरामागे उभा असलेला एकुलता एक ट्रेलर ॲपवरून भाड्यानं देणारा मालक त्यात येत नाही. आपली बहुतेक मंडळी ट्रेलर भाड्यानं घेतात ते नेमके अशाच मालकांकडून. त्या मालकालाच पत्र मिळालेलं नसेल, तर तो तरी काय सांगणार?

'गॅस वापरू नका' असं लिहिणाऱ्यांनी आणखी एका वर्गाचा विचार केलेला दिसत नाही. आमच्यासाठी ट्रेलर उन्हाळ्यापुरता आहे. तो उभा राहिला तर सहल बुडते, एवढंच. पण बारा महिने ट्रेलरमध्ये राहणारी माणसं या देशात खूप आहेत: एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात ठरावीक महिन्यांसाठी जाणाऱ्या नर्स, पाइपलाइनवरचे वेल्डर, घर विकून बाहेर पडलेली निवृत्त जोडपी, आणि ज्यांना घरभाडं परवडत नाही म्हणून ट्रेलरच उरला ती कुटुंबं. त्यांना नोव्हेंबरात गॅस वापरू नका म्हणणं म्हणजे फर्नेस, गरम पाणी आणि शेगडी एकाच वेळी बंद करायला सांगणं. मग ते काय करतात? विजेचे सुटे हीटर लावतात. ट्रेलरच्या वायरिंगवर त्या हीटरांचा भार पडतो आणि एका आगीचा धोका टाळताना दुसरीचा ओढवतो. ते राहत्या घरातून निघून ट्रेलर महिनाभर डीलरकडे ठेवूही शकत नाहीत, कारण मग झोपायचं कुठे? त्यांच्या पर्यायी राहण्याची सोय करण्याबद्दल मला आलेल्या पत्रात एक शब्द नव्हता.

कारखान्यांबद्दल थोडंच लिहिते. अमेरिकेतले बहुसंख्य ट्रेलर इंडियानातल्या एल्कहार्ट आणि आसपासच्या भागात बनतात, आमच्या घरापासून काही तासांवर. २०२१ मध्ये या उद्योगानं ६ लाखांहून अधिक वाहनं बाहेर पाठवली. तो विक्रम होता आणि तो साथीच्या काळातला होता, पुरवठा विस्कळीत आणि मागणी अफाट असतानाचा. दर ट्रेलरमागे मोबदला देण्याची पद्धत तिथे जुनी आहे. मी कामगारांना दोष देत नाही. ज्याला ट्रेलर मोजून पैसे मिळतात, त्याला जोड पुन्हा तपासायला वेळ देण्याचं काम व्यवस्थापनाचं आहे. दाराजवळ उद्योगसंघटनेचं चिन्ह लावलेलं असतं. ट्रेलर एनएफपीए ११९२ या सुरक्षा मानकानुसार बनला आहे, असा त्याचा अर्थ. पण ही ग्वाही मुळात कंपनी स्वतःच देते. संघटनेचे निरीक्षक न सांगता कारखान्यांना भेटी देतात हे खरं, पण प्रत्येक ट्रेलरचा प्रत्येक जोड ते पाहत नाहीत. ग्राहक ते चिन्ह बघून विश्वास ठेवतो.

आपल्याकडे गॅसच्या नारिंगी नळीवर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांनी ती बदलायची, हे नाशिकच्या आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींनाही ठाऊक आहे. झोपण्याआधी रेग्युलेटर बंद करणं हा सासूबाईंचा कित्येक वर्षांचा नेम आहे. ट्रेलरमध्ये आल्यावर त्यांनी पहिल्याच रात्री विचारलं होतं, "गॅस कुठून बंद करायचा गं?" टाक्या बाहेर, पुढच्या दांड्यावर. आणि बाहेर जाऊन बंद केल्या तर रात्री फर्नेस चालणार नाही. सावध माणसाची सवयसुद्धा या रचनेत कामी येत नाही, म्हणून ज्यांनी रचना केली त्यांची जबाबदारी जास्त.

मराठी वाचकांसाठी जरा थांबते. ट्रेलर भाड्यानं घेताना मालकाकडून व्हीआयएन क्रमांक घ्या, बनवणाऱ्या कंपनीला फोन करून त्या क्रमांकावर रिकॉल बाकी आहे का विचारा, आणि प्रशासनाच्या संकेतस्थळावर कंपनी, मॉडेल आणि साल टाकूनही शोधा. जमिनीलगत बसवलेला गॅसचा डिटेक्टर पाहा. त्याचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षांचं असतं, तारीख त्याच्यावरच असते. बॅटरी तोडलेली असेल तर तो मुका असतो, हे लक्षात ठेवा. आई-वडिलांना त्याचा आवाज बटण दाबून एकदा ऐकवा आणि तो वाजला तर काय करायचं ते मराठीत सांगून ठेवा: दिव्याचं बटण दाबायचं नाही, काडी ओढायची नाही, सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं, जाता जाता सहज जमलं तर टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि लांब गेल्यावर ९११ ला फोन करायचा. रिकॉल व्हायच्या आधी तुम्ही त्याच दोषाची दुरुस्ती स्वखर्चानं करून घेतली असेल तर पावती टाकू नका, ते पैसे परत मागता येतात.

आता मागण्या.

कंपन्यांकडे: रिकॉलच्या पहिल्याच पत्रात दुरुस्ती कुठल्या तारखेपासून मिळेल ते लिहा. तारीख पुढे गेली तर कारणासह पुन्हा कळवा. पार्ट येईपर्यंत तुमच्या खर्चानं प्रशिक्षित तंत्रज्ञ पाठवा, दाबाची चाचणी करून घ्या आणि सदोष नळीची वाट बंद करून निदान बाकीची उपकरणं सुरक्षितपणे वापरता येतील अशी व्यवस्था करून द्या. शेगडी नसली तरी आम्ही भागवू, थंडीत फर्नेस नसली तर भागत नाही. जे ट्रेलरमध्येच राहतात त्यांच्या दुरुस्तीच्या काळातल्या निवाऱ्याचा खर्च उचला. आणि तुमचा माल विकणाऱ्या प्रत्येक डीलरला, ट्रेलर कुठूनही घेतलेला असो, सुरक्षेच्या रिकॉलचं काम करणं करारात बंधनकारक करा आणि त्या कामाचे पुरेसे पैसे द्या.

डीलरांकडे: मालक ट्रेलर घेऊन आला किंवा आणायला तयार असल्याचं त्यानं सांगितलं, तर त्या दिवसाची लेखी पोच द्या. पार्ट नसला तरी द्या. ६० दिवसांची गणना कधी सुरू झाली यावर वाद झाला तर मालकाच्या हातात निदान तो कागद असेल. जुना ट्रेलर विकताना बाकी रिकॉलची माहिती ग्राहकाच्या सहीनिशी द्या.

सुरक्षा प्रशासनाकडे: ट्रेलर आणि मोटरहोमना व्हीआयएननं रिकॉल शोधण्याच्या नियमात आणा. गॅसगळतीच्या रिकॉलमध्ये दुरुस्ती उपलब्ध होण्याची कमाल मुदत ठरवा, आणि जी कंपनी ती पाळणार नाही तिच्याबाबत वेग वाढवण्याचा तुमचा अधिकार वापरा. भाड्याच्या वाहनांच्या कायद्यातून एकेकटे मालक आणि त्यांना ग्राहक मिळवून देणारी ॲप सुटतात, ती पळवाट बुजवण्याची शिफारस अमेरिकेच्या काँग्रेसकडे, म्हणजे संसदेकडे, करा. ॲपला निदान एवढं करता येईल: रिकॉल बाकी असलेला ट्रेलर यादीत दिसूच द्यायचा नाही.

आमचा ट्रेलर घराशेजारी उभा आहे. टाक्या काढून ठेवल्या आहेत. सासू-सासऱ्यांची तिकिटं जुलैची आहेत. दुसरं पत्र केव्हा पाठवणार आणि त्यात कुठली तारीख असणार, एवढं मला मे महिना संपायच्या आत लेखी कळवा. उत्तर येईल ते मी इथेच, जसंच्या तसं प्रसिद्ध करीन. आलं नाही तर तेही सांगेन.

आपली,
ओहायोतली एक ट्रेलरमालक